थांबा म्हणण्याचा अधिकार

धीर हा सद्गुण आहे असे आपण मुलांना शिकवतो, आणि ते योग्यच आहे. वेल मांडवावर चढून फळावर यायला वेळ लागतो, हे द्राक्षे पिकवणाऱ्या आमच्या दिंडोरी तालुक्यात कोणाला निराळे सांगावे लागत नाही. परंतु स्वतः धीर धरणे आणि दुसऱ्याला धीर धरायला सांगणे या दोन गोष्टी एक नव्हेत. पहिलीत तपश्चर्या आहे. दुसरीत काय आहे, हे सांगणारा कोठे उभा आहे यावर ठरते. अन्याय सोसणाऱ्याला ‘थांबा, अजून वेळ आलेली नाही’ असे सांगण्याचा नैतिक अधिकार कोणाला पोहोचतो? हा प्रश्न ज्या दारापुढे अतिशय स्पष्टपणे विचारला गेला, ते वणीहून चाळीसएक किलोमीटरवर, नाशिकच्या पंचवटीत आहे.

काळाराम मंदिराच्या बांधकामासाठी वापरलेला काळा दगड याच तालुक्यातील रामशेजच्या परिसरातून नेला, असे सांगितले जाते. त्या मंदिराच्या दारात बसलेल्यांचे नेतृत्व करणारे भाऊराव गायकवाड, पुढे सर्वांचे ‘दादासाहेब’, हेही याच तालुक्यातील आंबे गावचे. दगड आत गेला, माणसाला मात्र उंबऱ्याबाहेर थांबावे लागले. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली नाशिकला परिषद भरली आणि सुमारे १५ हजार अस्पृश्य स्त्री-पुरुषांची मिरवणूक शिस्तीने मंदिराकडे निघाली. दरवाजे बंद होते. मिरवणूक वळून गोदावरीच्या घाटावर गेली, तेथे सभा झाली. दुसऱ्या दिवसापासून १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया यांची पहिली तुकडी चारही दरवाजांपुढे जाऊन बसली. गायकवाड त्या वेळी अवघे २७ वर्षांचे होते.

त्यानंतर दहा दिवसांनी, १२ मार्चला, गांधीजी साबरमतीहून दांडीकडे निघाले आणि साऱ्या देशाचे डोळे तिकडे लागले. मिठावरील कर अन्यायकारक आहे हे लोकांना पटवून देणे सोपे होते, कारण तो कर परक्या सरकारचा होता. मंदिराचे कुलूप आपल्याच घरचे होते. चैत्रातील रथाच्या दिवशी, ९ एप्रिल रोजी, दोन्ही बाजूंच्या लोकांनी मिळून रथ ओढावा असा समझोता ठरला होता. तो पाळला गेला नाही. दगडफेक झाली, आणि सत्याग्रही रक्तबंबाळ झाले. तरी बसणे थांबले नाही. खंड पडला, पुन्हा सुरुवात झाली, गायकवाड आणि त्यांचे सहकारी तुरुंगात गेले, असे सुमारे पाच वर्षे चालले.

दगड मारणारांविषयी फारसे लिहिण्यासारखे नाही. त्यांची बाजू त्यांच्या हातातच दिसते. विचार करण्याजोगा आहे तो त्यांच्या मागे उभा असलेला सुशिक्षित, सज्जन, शांतताप्रिय माणूस. त्याला अस्पृश्यता मान्य नसते. तो दगड उचलत नाही. त्याचे म्हणणे एवढेच असते की मन वळवून घ्यावे, दाराशी बसून गावाची शांतता बिघडवू नये. आणि शेवटी देव काय गाभाऱ्यातच असतो? हा शेवटचा युक्तिवाद मोठा अध्यात्मिक वाटतो. पण तो नेहमी ज्याला गाभाऱ्यात जाता येते त्याच्याच तोंडून निघतो.

बाबासाहेबांनी या प्रश्नाचे दिलेले उत्तर अनेकांना चकित करील. ३ मार्च १९३४ रोजी त्यांनी गायकवाडांना पत्र लिहून मंदिरप्रवेशाची चळवळ आता थांबवावी असा सल्ला दिला, आणि त्याचे कारणही मोकळेपणाने सांगितले. आपल्या लोकांनी मूर्तिपूजक व्हावे म्हणून, किंवा मंदिरप्रवेशाने ते हिंदू समाजाचे समान घटक होतील या विश्वासाने, हा सत्याग्रह सुरू केलाच नव्हता. दलितांमध्ये चैतन्य यावे, आपण कोणत्या स्थितीत आहोत याची जाणीव त्यांना व्हावी, यासाठी तो उत्तम मार्ग वाटला. ते काम झाले आहे. आता शक्ती शिक्षणाकडे आणि राजकारणाकडे वळवावी. पत्राचा सारांश हा असा.

अहिंसक कायदेभंगाची नेहमीची व्याख्या अशी की, स्वतः क्लेश सोसून प्रतिपक्षाचे हृदयपरिवर्तन करणे. काळारामच्या दारात त्या पाच वर्षांत कोणाचे हृदय पालटले असे दिसत नाही; मंदिर उघडले नाही. मग तो सत्याग्रह फसला का? माझ्या मते नाही, कारण त्या बसण्याचा रोख केवळ आतल्यांकडे नव्हता. पिढ्यान्पिढ्या ज्याला ‘तुझी जागा बाहेर’ असे शिकवले, तो आपल्याच पायांनी चालत दारापर्यंत आला आणि तेथून हटला नाही. त्याचे मन त्याच्याच कृतीने वळवले. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, याच जिल्ह्यातील येवल्याला, बाबासाहेबांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. ती ऐकून घेण्याची तयारी पंचवटीच्या उन्हात झाली होती.

१९३४ च्या त्या पत्राकडे पुन्हा पाहू. त्यातही ‘थांबा’ हाच शब्द आहे. बाबासाहेबांनी तो पूर्वीही एकदा उच्चारला होता. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी २० मार्च १९२७ रोजी त्यांनी आपल्या अनुयायांसह प्राशन केले, आणि त्यानंतर दोनच आठवड्यांनी, ३ एप्रिलला, ‘बहिष्कृत भारत’ हे पाक्षिक सुरू केले. पाणी पिऊन जे सांगितले ते आता शाईने सांगायचे होते. १९२० च्या ‘मूकनायक’पासूनच त्यांना ठाऊक होते की कृतीला शब्दांची जोड नसेल तर प्रतिपक्ष तिचा अर्थ आपल्या सोयीने लावतो. डिसेंबरमध्ये महाडला पुन्हा परिषद भरली, तेव्हा दिवाणी न्यायालयाचा तात्पुरता मनाई हुकूम हाती पडला होता. जमलेल्या हजारोंचा कल हुकूम झुगारून तळ्यावर जाण्याकडे होता. बाबासाहेबांनी त्यांना थांबवले. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले, पण पाण्याला कोणी हात लावला नाही. तळे सर्वांना खुले करण्याचा ठराव स्वतः महाड नगरपालिकेने केलेला होता. कायदा आपल्या बाजूने आहे, आपले भांडण रूढीशी आहे, मग न्यायालयाशी वैर का ओढवून घ्यावे, असा त्यांचा विचार होता. दावा दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला.

एकीकडे बाबासाहेबांचा ‘थांबा’, दुसरीकडे त्या सज्जन शांतताप्रिय गृहस्थाचा ‘थांबा’. शब्द एकच, परंतु एक उच्चारणारा स्वतः तहानलेला आहे आणि दुसऱ्याच्या घरी आड आहे. पहिला थांबण्याची किंमत स्वतः मोजतो, आणि म्हणून केव्हा थांबायचे व केव्हा चालायचे हे ठरवण्याचा त्याला हक्क आहे.

हाच प्रश्न १९६३ मध्ये अमेरिकेतील बर्मिंगहॅम या शहरात निघाला, आणि त्या वेळी तो धर्मगुरूंनाच विचारला गेला. म्हणून तो आपल्या वाचकांना जवळचा आहे. काळ्या नागरिकांना उपाहारगृहांत, दुकानांत वेगळे ठेवणाऱ्या नियमांविरुद्ध तेथे एप्रिलमध्ये निदर्शने सुरू झाली. न्यायालयाने मनाई हुकूम काढला. डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांनी तो मोडला आणि १२ एप्रिल रोजी त्यांना अटक झाली. तो शुभ शुक्रवार होता. त्याच दिवशी शहरातील आठ श्वेतवर्णीय धर्मनेत्यांनी एक निवेदन काढले: निदर्शने अविचारी आहेत, त्यांची ही वेळ नव्हे, गाऱ्हाणी न्यायालयात न्यावीत. सह्या करणारांत एक यहुदी रब्बाय होते, प्रॉटेस्टंट बिशप आणि पाळक होते, आणि कॅथॉलिक साहाय्यक बिशप जोसेफ ड्युरिकही होते. ही माणसे दुष्ट नव्हती. न्यायालयांचे निर्णय मानावेत असे आवाहन त्यांच्यापैकी बहुतेकांनी त्याच वर्षी जानेवारीत आपल्या गोऱ्या समाजालाही केले होते.

किंग यांनी कोठडीतून त्यांना जे उत्तर लिहिले ते वर्तमानपत्राच्या कोऱ्या समासांवर सुरू झाले. १६ एप्रिल ही त्याची तारीख. पत्रात राग आहे, पण शिवी नाही. ते त्या आठ जणांना बंधू मानते, त्यांच्याच ग्रंथांतून त्यांच्याशी बोलते. अन्यायी कायदा हा कायदाच नव्हे या संत ऑगस्टीन यांच्या विचाराचा आधार त्यात घेतला आहे. जो मानवी कायदा शाश्वत व नैसर्गिक कायद्यात रुजलेला नाही तो अन्यायी, ही संत थॉमस अॅक्वायनस यांची कसोटी तेथे लावली आहे. स्प्रिंग हिल कॉलेज सर्व वर्णांना खुले केल्याबद्दल अलाबामातील कॅथॉलिक नेत्यांची प्रशंसाही आहे. आणि या सगळ्या सौजन्यामध्ये एक बाप आपल्या सहा वर्षांच्या मुलीला करमणुकीच्या बागेत का जाता येत नाही हे समजावताना अडखळतो. ज्याने हे समजावलेले नाही त्याला ‘थांबा’ म्हणणे सोपे जाते, हे किंग यांना दाखवायचे आहे. उघड द्वेष करणाऱ्यापेक्षा न्यायाहून शांततेला अधिक जपणारा मवाळ माणूस हा मोठा अडथळा आहे, असे ते स्पष्ट म्हणतात.

बाबासाहेबांनी मनाई हुकूम पाळला, किंग यांनी मोडला, कोणाचे बरोबर? न्यायालयापुरते बोलायचे तर पाळणारा जिंकला. मोडणाऱ्याची शिक्षा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी कायम केली आणि किंग पुन्हा तुरुंगात जाऊन आले. परंतु बर्मिंगहॅमला कायदा हाच अन्यायाचे शस्त्र झाला होता. महाडला तो निदान कागदावर दुबळ्याचा आधार होता. परिस्थिती भिन्न, म्हणून निर्णय भिन्न. दोघांनीही शिक्षा चुकवली नाही आणि दोघांनीही हात उगारला नाही.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे विचारात घ्यावा लागेल. दारात ठाण मांडणे हे मन वळवणे नव्हे, तो दबाव आहे, असे म्हणतात. आहेच. लूकच्या शुभवर्तमानातील विधवा अन्यायी न्यायाधीशाकडे पुन्हा पुन्हा जाते, तेव्हा तो काही सद्गदित होऊन न्याय देत नाही. तो त्रासून देतो. आणि तरीही प्रभू येशूने तिलाच आपल्यापुढे आदर्श म्हणून ठेवले. त्याच शुभवर्तमानातील श्रीमंत माणसाने लाजरला कधी मारले असे लिहिलेले नाही. तो फक्त रोज त्याच्यावरून येत-जात राहिला. लाजरने दारात थोडी अडचण केली असती, तर कदाचित त्या श्रीमंताचेच अधिक भले झाले असते!

आत असणाऱ्याला मग काही करण्याजोगे उरते का? साने गुरुजींनी ते करून दाखवले. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून त्यांनी महिनोन्‌महिने महाराष्ट्रभर भाषणे केली, आणि १९४७ च्या मे महिन्यात उपोषण केले. ज्यांना आत जाता येत नव्हते त्यांना त्यांनी थांबायला सांगितले नाही. जे आत होते त्यांना उशीर होतो आहे असे सांगितले, आणि स्वतःचे अन्न थांबवले. दार उघडले.

आता आपल्या घरात यावे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने ख्रिस्ती झालेल्या दलितांना अनुसूचित जातींच्या सवलतींतून वगळले. पुढे शिखांना १९५६ मध्ये आणि बौद्धांना १९९० मध्ये त्यात स्थान मिळाले. आपली याचिका २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेली, आणि २०२२ मध्ये सरकारने या प्रश्नावर आयोग नेमला. याविषयी आपण सभा भरवतो, काळ्या फिती लावतो, आणि ‘आणखी किती थांबायचे?’ असे विचारतो. रास्तच विचारतो. पण तामिळनाडूत चर्चमध्ये जातीनुसार बसण्याच्या जागा वेगळ्या राहिल्या, तिरुचिरापल्लीच्या एका कॅथॉलिक दफनभूमीत मृतांच्या मध्येही भिंत उभी राहिली. आणि त्याविरुद्ध दलित कॅथॉलिक बोलू लागले तेव्हा त्यांना जे ऐकावे लागले ते आपल्याला नवे नाही: चर्चची बदनामी करू नका, मने हळूहळू बदलतील. महाराष्ट्रातही सोयरीक जुळवताना आपण कोणत्या गोष्टीची चौकशी आधी करतो, हे ज्याचे त्याने आठवावे.

डिसेंबर २०१६ मध्ये भारतीय कॅथॉलिक बिशप परिषदेने दलितांच्या सबलीकरणाविषयीचे धोरण प्रसिद्ध केले. चर्चमध्ये जातिभेद आहे, आणि तो घोर सामाजिक पाप आहे, असे आपल्या बिशपांनी त्यात स्वतःच्या सहीने कबूल केले आहे. धर्मग्रामाच्या पातळीवर काय करावे हेही त्यात आहे.

बिशप ड्युरिक यांचे पुढे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. पुढे ते टेनेसीत नॅशव्हिलचे बिशप झाले. किंग यांच्या पत्राखाली ज्यांचे नाव वाचून लाज वाटावी असे ते बिशप नागरी हक्कांच्या बाजूने इतके उघडपणे बोलू लागले की त्यांचेच काही श्रद्धावंत त्यांच्यावर संतापले. एका पत्राने हे झाले असे मी म्हणणार नाही; माणूस एका पत्राने बदलत नाही. १९७५ मध्ये त्यांनी बिशपपद सोडले आणि उरलेली वर्षे तुरुंगांतील कैद्यांच्या सेवेला दिली.