कूळ सापडण्याची सोय

माझ्या वहीत सध्या एक कुणबीण आहे. नाना फडणविसांच्या काळातलं पुणं, एका सावकाराचा वाडा, आणि त्या वाड्याच्या कोठीत दळणकांडण करणारी ही विशीतली बाई. सावकाराच्या धाकट्या मुलाचा तिच्यावर जीव जडतो. अशा कादंबऱ्या लिहिण्यातच माझी हयात गेली. जरीकाठ, मेणे, दिवाणखाने आणि मधोमध एक न जमणारी जोडी. त्यांना वाचक आहेत, माझं त्यावर बरं चाललं आहे. या खेपेला मात्र दहाव्या प्रकरणापाशी गाडं अडलं, आणि ते का अडलं हे स्वतःशी खरं बोलणं भाग पडलं.

अकराव्या प्रकरणात एक म्हातारा गोसावी यायचा होता. तो तिच्या दंडावरचं गोंदण ओळखणार, आणि ती लहानपणी पळवून नेलेली कुणा देशमुखांची लेक निघणार. मग वाडा विरघळणार, अक्षता पडणार. मागच्या एका कादंबरीत मी असंच एका माळ्याच्या मुलीला सरदाराच्या घरात जन्माला घातलं होतं. तिचं कूळ कळलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं, असं वाचक आवर्जून सांगतात. वाचकांच्या माथी खापर फोडणं सोपं आहे. पण ते पान लिहून झाल्यावर पहिल्यांदा हायसं वाटलं होतं ते मलाच.

ही खोड जुनी आहे, एकट्या माझी नाही. कण्वाच्या आश्रमातली मुलगी मनात भरली तरी दुष्यंताला आधी तिचा जन्म विचारावा लागतो, आणि ती विश्वामित्र-मेनकेची निघाल्यावर त्याचा जीव भांड्यात पडतो. ‘मृच्छकटिका’त वसंतसेनेला शेवटी नवा राजा वधूपद बहाल करतो, तेव्हा कुठे ती चारुदत्ताच्या घरात शोभते. म्हणजे पायरी मोडायची नाही. खालच्या माणसाला उचलून वरच्या पायरीवर ठेवायचं आणि त्याला प्रेमाचा विजय म्हणायचं.

मस्तानीचं आम्ही दुसरं काय केलं? ना. सं. इनामदारांची ‘राऊ’ आली 1972 साली. तिच्यावरून 2015 मध्ये संजय लीला भन्साळींचा सिनेमा निघाला, आणि अवघं पुणं मस्तानीच्या बाजूने हळहळलं. ती छत्रसालाची मुलगी होती, की त्याच्या दरबारातली नाचणारी, याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. सांगणाऱ्यांचं मात्र पक्कं ठरलेलं असतं: राजकन्या. 1729 साली बाजीरावाने बंगशाच्या तावडीतून छत्रसालाला सोडवलं, त्या उपकारापोटी राजाने लेक दिली. या मांडणीत राजा आहे, कन्यादान आहे, तोलामोलाचे व्याही आहेत. नाचणारीवर पेशव्याचा जीव जडला, इतकं साधं वाक्य मला नेहमी अपुरं का वाटत आलं? ती नर्तकी ठरली तर माझी हळहळ एका घराने कमी होईल अशी भीती होती, हे त्याचं उत्तर. त्याच सिनेमात काशीबाई ‘पिंगा’ नाचल्या म्हणून केवढा गहजब झाला! आक्षेप होता तो पेशव्यांच्या पत्नीच्या इभ्रतीचा, आणि तावातावाने बोलणाऱ्यांत मीही होतो. बाजीराव 1740 साली रावेरखेडीला वारला, त्याआधीच मस्तानी घरच्यांच्या कैदेत पडली होती. ते घरचे म्हणजे चिमाजीअप्पा आणि नानासाहेब. वसईची मोहीम सांगताना याच चिमाजीअप्पांसाठी माझा ऊर भरून येतो. दोन्ही हळव्या जागा मी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या नाहीत, इतकंच.

आता कुणबिणीकडे येतो, कारण खरी अडचण तिथे आहे. पेशवाईतल्या कुणबिणी म्हणजे विकत घेतलेल्या, दान दिलेल्या, नाहीतर सरकारने दास्यात ढकललेल्या बाया. व्यभिचाराचा आळ सिद्ध झाला की बाईला शिक्षा म्हणून कुणबीण करत. कोठी, पागा, थट्टी, किल्ले, सगळीकडे त्यांच्या राबण्यावर कामं चालत. त्यांच्या पोटची पोरंही धन्याचीच. कुणी मोबदला भरून वा बदली बाई देऊन सुटका करून घेई, पण त्यासाठीही धनी राजी हवा. हे मला ठाऊक होतं. ठाऊक असूनही दहा प्रकरणं मी चंद्रप्रकाशात लिहिली. तो तिला गजरा देतो, ती लाजते. जिला नाही म्हणता येत नाही तिचं लाजणं मी कशाच्या आधारावर लिहिलं? मालकाच्या मुलाने हात धरला तर ती खाली बघेल, हे खरं. त्या खाली बघण्याला लाज म्हणायचं की भीती, हे मी त्या मुलाच्या डोळ्यांनी ठरवत होतो. मला त्याच्या जागी उभं राहायला आवडतं. उदार, देखणा, घराण्याशी भांडणारा तरुण. तिच्या जागी उभं राहायची वेळ आली की मला गोसाव्याची आठवण होते.

आणि हे फक्त वहीपुरतं असतं तर निभावलं असतं. भाचीच्या स्थळासाठी जाहिरातीचा मजकूर घरातला लेखक म्हणून माझ्याकडे आला. बहिणीने लिहिलं होतं: आंतरजातीय चालेल, एससी, एसटी क्षमस्व. वाचून मला शरम वाटली. मी ते शेपूट खोडलं आणि वर लिहिलं, ‘अनुरूप घराण्यातील’. बहीण म्हणाली, “दादा, छान केलंस.” छान म्हणजे काय, अर्थ तोच ठेवून चार लोकांत दाखवण्याजोगा केला. बाबासाहेबांनी 1936 सालीच ‘जातिनिर्मूलना’च्या त्या भाषणात आंतरजातीय विवाह हाच खरा उपाय म्हणून लिहून ठेवलं आहे, ते मी व्याख्यानांत सांगतो, आणि टाळ्याही घेतो. तीनशे वर्षांपूर्वीच्या जोडप्याला आशीर्वाद द्यायला मला काहीच पडत नाही. ते माझ्या घरी जेवायला येणार नसतात.

गोसाव्याचं प्रकरण मी काढून टाकलं. प्रकाशकांना ते रुचलेलं नाही, कारण मुखपृष्ठावर ‘एक अमर प्रेमकथा’ असं छापायचं ठरलं होतं. नव्या अकराव्या प्रकरणात ती पहिल्यांदाच तोंड उघडून त्याच्याकडे काहीतरी मागते. तिला शालू नको, लग्नही नको. तिच्या चार वर्षांच्या मुलीच्या सुटकेचा कागद हवा आहे. तो कबूल करतो. माणूस वाईट नाही. पण आधी वडिलांची तब्येत, मग चातुर्मास, मग वसुलीचे दिवस; कागदाला काही मुहूर्त लागत नाही. त्याची एकेक सबब मला अजिबात न अडखळता सुचत गेली.