ऑक्टोबरला बसलेली मुलं

मुंबईतल्या फणसवाडीसारख्या ठिकाणी चूक खासगी राहत नसे. कुणाचा मुलगा दहावीत नापास झाला, आता ऑक्टोबरच्या फेरपरीक्षेला बसणार, ही बातमी निकालाच्या संध्याकाळपर्यंत चाळीच्या तिन्ही मजल्यांवर फिरलेली असे. पण तीच चाळ त्याला सांभाळूनही घेई. कुणी जुनी गाइडं देई, कुणी गणित शिकवी, आणि गणपतीत वर्गणीचं पावतीपुस्तक पुन्हा त्याच्याच हातात पडे. आपल्या मुलांच्या पुस्तकांना एवढा दिलदारपणा यायला मात्र शंभर वर्षं लागली.

1828 साली सदाशिव काशिनाथ छत्र्यांनी इसापच्या गोष्टी मराठीत आणल्या. तिथे कावळा फसला की तात्पर्य येतं आणि गोष्ट संपते. पुढे कावळ्याचं काय झालं, याची कुणाला फिकीर नाही; सुधारायचं ते वाचणाऱ्याने.

1933 मध्ये साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली आणि हे पालटलं. हावरटासारख्या कळ्या खुडणारा, पोहायला नको म्हणून लपून बसणारा श्याम बोलणी खातो, मार खातो आणि पुन्हा आईच्या कुशीतही असतो. आईच्या थोरवीबद्दल आपण इतकं बोलतो, की एक गोष्ट नजरेतून सुटते. या चुका श्याम स्वतः, मोठेपणी, आश्रमातल्या मित्रांना रात्रीमागून रात्री सांगतो आहे. चुकणाऱ्याच्या तोंडी हकिगत आली, तिथेच त्याला दुसरी संधी मिळाली.

पुढे आईही लागेनाशी झाली. ‘कोसला’तला (1963) पांडुरंग सांगवीकर पुण्यात वडिलांचे पैसे उडवून गावी परततो, माफी मागायची त्याला गरज वाटत नाही. भाऊ पाध्यांच्या ‘वासूनाका’तली (1965) मुंबईची पोरं तर पश्चात्तापाच्या वाटेलाही जात नाहीत, म्हणून अत्रे त्यांच्यावर तुटून पडले. ही पुस्तकं किशोरांसाठी नव्हती. पण किशोरांनी काय वाचायचं, हे आजवर मोठ्यांना कधी ठरवता आलंय?

मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ फणसवाडीहून चालत जाता येईल अशा खटाववाडीतल्या ‘मौज’ने 2004 मध्ये काढली. आणीबाणीतली नववी, आणि सांगणारा पुन्हा मुलगाच, मुकुंद जोशी. प्रेमात पडणं ही चूकच नव्हे, असं कादंबरी जवळजवळ पटवून देते. पण बोभाटा झाल्यावर जोशी दहावीला सामोरा जातो, आणि तो जिच्या प्रेमात पडला ती शिरोडकर गाव सोडून गेलेली असते. दोघांच्या एकाच धिटाईची किंमत कुणी किती मोजली, ते आपल्याला जोशीकडूनच कळतं. शिरोडकरला ‘मी’ म्हणायची पाळी येत नाही.

तसा मुलीला ‘मी’ म्हणू देण्याचा मान हरिभाऊ आपट्यांनी ‘करमणूक’ साप्ताहिकामध्ये 1890च्या दशकातच दिला होता. ‘पण लक्षात कोण घेतो’ ही यमूने सांगितलेली कहाणी. तिच्यावर अन्याय कोसळतात, वाचणाऱ्याचे डोळे भरून येतात. पण ती कहाणी उभी आहे यमूच्या निर्दोषपणावर. श्यामसारख्या कळ्या खुडायची मुभा तिला नव्हती.