डावीकडचा श्वास

“आई, त्या तुझ्या मैत्रिणी कशा? त्यांच्या मुलांची नावं तरी सांगता येतील तुला?”

लीड्सच्या स्टेशनवर मला हडर्सफील्डच्या गाडीत बसवताना मुलगा सहज बोलून गेला. गाडी सुटली, पण ते वाक्य माझी पाठ सोडेना. मला खरंच एकाही मुलाचं नाव सांगता आलं नसतं.

१३ वर्षांपूर्वी ह्यांच्या नोकरीमुळे आम्ही तीन वर्षं हडर्सफील्डजवळच्या एका गावात राहिलो. दर मंगळवारी संध्याकाळी मेथडिस्ट चॅपलच्या हॉलमध्ये पन्नासेक जणांचा कॉयर जमायचा, त्यात मी आल्टो गायचे. आता दोन महिने मुलाकडे आले आहे आणि मंगळवारची तालीम अजून चालू आहे. परदेशातली थंडी, चारलाच पडणारा अंधार, घरची ओढ यांवर पुष्कळ लिहून झालं आहे. त्यात शिरत नाही. मला भांडायचं आहे ते मुलाच्या प्रश्नाशी.

त्याच्या हिशेबी मैत्री म्हणजे एकमेकांच्या आयुष्याची माहिती. मग ‘सोबत’ या शब्दाचं काय करायचं? आजोळी रात्री दारं धरायला निघालेल्या माणसाला आजी म्हणायची, “सोबतीला कुणाला तरी ने.” कुणाला, हे ती सांगत नसे. बांधावर दुसरा कंदील असणं पुरेसं होतं. कॉयरमध्ये मला तशी सोबत मिळाली होती, आणि ती मैत्रीच आहे, असं मी गाडीत बसल्या बसल्या ठरवून टाकलं.

माझ्या बाजूने मोठा पुरावाही होता. कॉयरमध्ये काही स्वर इतके लांब असतात की कोणाचाच दम पुरत नाही. तेव्हा सगळ्यांनी आळीपाळीने श्वास घ्यायचा, आणि शेजारीण घेईल त्या क्षणी आपण घ्यायचा नाही. मग ऐकणाऱ्याला स्वर अखंड वाटतो. मला पहिल्यांदा हे समजावलं तेव्हा अखंड हरिनाम सप्ताहातला वीणेचा पहारा आठवला. सात दिवस वीणा खाली टेकत नाही. ती एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते, देणारा-घेणारा एकमेकांच्या पाया पडतात, आणि पुढचा येईपर्यंत आधीच्याला जागा सोडता येत नाही. त्या दोघांना एकमेकांच्या घरचं काही ठाऊक असो वा नसो, वीणा खाली येत नाही.

या भागात गाणं असं मुरलं कसं, हेही सांगायला हवं. हडर्सफील्ड कोरल सोसायटी १८३६ सालची. भोवती लोकरीच्या गिरण्या, आणि गिरणी कामगारांना स्टाफ नोटेशन कुठून येणार? त्यांच्या हाती सोपी पद्धत दिली ती जॉन कर्वेन यांनी. ते इथलेच, यॉर्कशरमधल्या हेकमंडवाइकचे. नॉर्विचच्या सारा ग्लोव्हर यांच्या पद्धतीवरून घडवलेली ‘टॉनिक सोल-फा’ त्यांनी देशभर नेली. तिच्यातला ‘डो’ एका पट्टीला बांधलेला नाही. आपल्या षड्जासारखा तो न्याल तिथे जातो. मलाही ती पाच रेघांची लिपी परकी होती. मी मनातल्या मनात सा धरायचे आणि आल्टोची ओळ सरगमात बसवून घ्यायचे. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि गाणं चार भिंतींतून बाहेर आणलं, त्याच जातीचं हे काम. गाणं बिनओळखीच्या माणसांच्या हाती पडलं, हे दोन्हीकडे सारखंच.

आणि आम्ही दर हिवाळ्यात बसवायचो ते हॅन्डलचं ‘मसाया’. १३ एप्रिल १७४२ रोजी डब्लिनमध्ये त्याचा पहिला प्रयोग झाला. त्याचे पैसे दोन रुग्णालयांना आणि कर्जापायी तुरुंगात पडलेल्यांच्या सुटकेसाठी गेले. गाणाऱ्यांना त्या कैद्यांची नावं कुठे माहीत होती! मुलाला हेच ऐकवायचं, असं ठरवून मी हॉलचं दार ढकललं.

माझी खुर्ची त्यांनी आल्टोंच्या दुसऱ्या रांगेत मांडलीच होती. डावीकडची तीच, केस मात्र पूर्ण पांढरे. “आलीस का, लव्ह?” म्हणाली आणि पुस्तक मधे धरलं. तासाभराने चहा-बिस्किटांच्या वेळी बोलता बोलता ती म्हणाली, “तुझ्या शेवटच्या वर्षी माझे यजमान आजारी होते. जानेवारीत गेले. त्या हिवाळ्यात निम्मा वेळ मी नुसते ओठ हलवत होते. गळा भरून यायचा.”

मी तिच्या उजव्या खांद्याला खांदा लावून उभी होते. आमचा नियमच शेजारणीचा श्वास ऐकण्याचा. मी तो ऐकत होते, पण माझा कधी घ्यायचा एवढ्यापुरता. बाजूचा आवाज बंद आहे हे मला एका मंगळवारीही कळलं नाही.

मी माफी मागितली. तिला ती नकोच होती. “कुणी काही विचारत नव्हतं, म्हणून तर येत होते. घरी सगळे विचारायचे. इथे मी थांबले तरी गाणं थांबत नव्हतं.”

येताना जमवलेला युक्तिवाद परतीच्या गाडीत टिकला नाही. सोबत मैत्रीच्या मोलाची आहे हे दाखवायला मी तिला मैत्रीचं नाव देऊ पाहत होते. तिला त्या नावाची गरजच नव्हती. सोबतीने त्या बाईला एक हिवाळा पार नेलं, आणि तेही माझ्या नकळत. पण नकळत झालेल्या गोष्टीचं श्रेय मला घेता येणार नाही. मैत्री असती तर मला ऐकू आलं असतं. बांधावरचा दुसरा कंदील वाट दाखवतो. चालणारा रडतो आहे का, हे बघायला वळून त्याच्या तोंडाकडे पाहावं लागतं.

घरी आल्यावर मुलाला म्हटलं, “तुझं बरोबर होतं. त्या माझ्या मैत्रिणी नव्हत्या.” मी दुखावले असं वाटून तो गप्प झाला. मी त्याच्याजवळ बसले आणि त्याला तो हिवाळा सांगितला.

पुढच्या मंगळवारी जरा आधी जाणार आहे. तिच्या यजमानांचं नाव विचारायचं राहिलं आहे.