'बरं आहे' म्हणण्याचा हक्क

प्रकृती कशी आहे, या प्रश्नाला आपल्याकडे एकच उत्तर ठरलेले आहे : 'बरं आहे.' अंगात ताप असो, कंबर धरलेली असो, उत्तर तेच. त्याला खोटे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. विचारणाऱ्याच्या जिवाला घोर लागू नये म्हणून घातलेले ते पांघरूण असते. पण हे पांघरूण दूर सारणारे यंत्र आता निघाले आहे आणि त्यामुळे माझ्यापुढे प्रश्न उभा राहिला आहे : आपले दुखणे लपविण्याचा माणसाला हक्क आहे काय?

मी कॉटन ग्रीनचा रहिवासी. परळचे टाटा रुग्णालय येथून फार लांब नाही. ते १९४१ साली सुरू झाले, तेव्हापासून कर्करोगाचे रोगी देशभरातून इकडे येत आले आहेत. आमच्याच भागात पोर्ट ट्रस्टच्या जुन्या इमारतींत सेंट ज्यूड संस्थेने तेथे उपचार घेणाऱ्या मुलांची आईबापांसह राहण्याची सोय केली आहे. मुलांचे एक बरे असते. दुखले की ती रडतात. लपवितात ती मोठी माणसे.

आमच्या शेजारच्या वहिनींची केमोथेरपी चालू आहे. पुण्याच्या मुलाने त्यांच्या मनगटावर घड्याळासारखे एक यंत्र बांधले आहे. नाडीचे ठोके, झोप, पावले, कातडीची ऊब, सारे ते मोजते आणि मुलाच्या फोनवर धाडते. परवा वहिनी मला म्हणाल्या, "मास्तर, रात्री तीनदा उठले, तर सकाळी सहाला ह्याचा फोन! आता मेलं जागं राहायचीसुद्धा चोरी!" मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

वहिनींची बाजू घ्यावी असे मनात फार येते. पण एका ठिकाणी मी अडतो. केमोचे औषध भराभर वाढणाऱ्या पेशींवर घाव घालते आणि त्या तडाख्यात रक्तातल्या पांढऱ्या पेशीही सापडतात. औषध घेतल्यावर साधारण एकदोन आठवड्यांत त्या फार कमी होतात. अशा वेळी १००.४ अंशांचा ताप हा काढा पिऊन उतरविण्याचा ताप नव्हे. रात्र असली तरी रुग्णालय गाठावे लागते. उशीर जिवावर बेतू शकतो. तेथे 'बरं आहे' हे उत्तर चालायचे नाही. (मनगटाची ऊब म्हणजे अंगातला ताप नव्हे, पंख्याच्या वाऱ्यानेही ती बदलते; तेव्हा थर्मामीटरला अजून सुट्टी नाही.)

आमच्या या कॉटन ग्रीनमध्ये कापसाच्या गासड्या येत, तेव्हा त्यांतून नमुना काढून माल पारखीत. गासडीला विचारून उपयोग नसतो. माणसाला मात्र विचारता येते, आणि विचारण्याचा गुण किती, याचा दाखला न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयाने दिला. रोग पसरलेले आणि केमो चाललेले ७६६ रोगी त्यांच्या पाहणीत होते. काहींनी आपला त्रास आपणच संगणकावर नोंदवायचा. तो बळावला की परिचारिकेला निरोप जाई. २०१७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नोंदविणाऱ्यांचे मध्यक आयुष्य ३१.२ महिने भरले, नेहमीच्या पद्धतीने उपचार घेणाऱ्यांचे २६. मनगटावर काही बांधलेले नव्हते. रोगी बोलत होता आणि ऐकून हलणारे कोणीतरी दुसऱ्या टोकाला होते.

पाळत ठेवणे आणि राखण करणे यांतला फरक मला येथे दिसतो. राखणदाराला हाक मारता येते. पुण्यात बसून आईच्या झोपेचे आकडे पाहणारा मुलगा स्वतः झोपत नाही आणि तिलाही झोपू देत नाही. त्याची माया खरी, पण त्या आकड्यांचे करायचे काय हे त्याला कोणी सांगितलेले नाही. तेच आकडे तापाच्या दिवसांत जाणत्या परिचारिकेकडे गेले तर जीव वाचेल. बाकीचे जागरण ज्याचे त्याला. रात्री तीन वाजता उठून गॅलरीत उभे राहणाऱ्या बाईच्या मनात काय चालते, ते सांगायचे की नाही हे तिनेच ठरवावे.

वहिनींनी मुलाला तसे कळविले आहे : ताप तुला सांगेन, डॉक्टरांनाही सांगेन, झोपेचे विचारू नकोस. त्याला ते अजून पटलेले नाही.