किती घट्ट?

माझ्या स्कूटरच्या इंजिनाखाली एक बोल्ट आहे. इंजिनातलं पाऊण लिटरभर ऑइल आत धरून ठेवायचं आणि दर काही हजार किलोमीटरनंतर ते बाहेर सोडायचं, एवढंच त्याचं काम. बंद राहणं जितकं त्याचं काम, तितकंच उघडणंही. गेल्या पावसाळ्यात एका रविवारी तो उघडला नाही, आणि त्यातून एक प्रश्न उभा राहिला. एखादी गोष्ट बंद करताना ती पुढे कोणाला तरी उघडायची आहे, याचं भान आपण किती ठेवायचं?

रायपूरच्या तात्यापाऱ्यात आमचं घर आहे. अंगणात स्कूटर मधल्या स्टँडवर लावली, पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे इंजिन थोडा वेळ चालवून ऑइल कोमट केलं, खाली जुनं घमेलं सरकवलं आणि बाराचा पाना लावला. बोल्ट हलला नाही. जमिनीवर आडवं होऊन खालून पाहताना डावं-उजवं उलटंपालटं होतं, म्हणून आधी वाटलं की आपण सोडवण्याऐवजी आवळतच आहोत. उठून, हातात दुसरा बोल्ट धरून दिशा पक्की केली. दिशा बरोबर होती. मग जोर वाढवला. तिसऱ्या खेपेला पाना सटकला, बोटांची सालं निघाली आणि बोल्टच्या डोक्याचे दोन कोपरे गोल झाले.

यानंतर माणूस जे करतो तेच मी केलं. चूक कोणाची, ते शोधायला लागले.

सगळ्यात सोपा माणूस डोळ्यांसमोर तयार होता. दोनेक वर्षांपूर्वी मी जवळच्या एका गॅरेजात जायची. तिथे अठरा-एकोणीस वर्षांचा एक मुलगा काम करायचा. त्याने ऑइल बदलून दिलं आणि आठवडाभरात आमच्या फरशीवर ऑइलचा रुपयाएवढा डाग दिसला. मी तडक गॅरेजात गेले आणि चार गिऱ्हाइकांसमोर मालकाला सांगितलं, की तुमच्या पोराने बोल्ट सैल ठेवला. मालक त्याला जे बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही. मुलाने खाली वाकून बोल्ट पाहिला, वर माझ्याकडे पाहिलं आणि काहीच म्हटलं नाही. त्यानंतर मी तिथे जाणं सोडलं आणि ऑइल घरीच बदलायला शिकले.

तर त्या रविवारी रक्ताळलेली बोटं नळाखाली धरून मी मनातल्या मनात त्याच मुलाला बोल लावत होते. बोलणी खाल्ल्याच्या रागात त्याने बोल्ट असा पिळून ठेवला असणार. पण मधल्या डिसेंबरात मी स्वतः तो उघडला होता आणि स्वतःच बंद केला होता, हे आठवायला मला दहा मिनिटं लागली. त्या बोल्टला लागलेला शेवटचा हात माझाच होता.

हातसुद्धा नव्हे, पाय. डिसेंबरात ऑइल भरल्यावर बोल्टपाशी पुन्हा एक थेंब जमलेला दिसला होता. फरशीवरचा तो जुना डाग डोक्यात होता. मी पान्याच्या टोकावर पाय ठेवून अर्धं वजन टाकलं. पुस्तिकेत या बोल्टसाठी आकडा आहे २४ न्यूटन-मीटर. पंधरा सेंटिमीटर लांब पान्याच्या टोकाला साधारण सोळा किलोचा भार दिला की तेवढं भरतं. माझं अर्धं वजन तीस किलो, म्हणजे जवळजवळ दुप्पट. थेंब थांबला, आणि मी समाधानाने हात धुतले.

दुपारी स्कूटर ढकलत आमापाऱ्याच्या बाजूला एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी बोल्टवर बोट फिरवलं, मग माझ्या बोटांकडे पाहिलं. मी दोष कबूल करायच्या आधीच म्हणाले, "जोर झन लगावव दीदी, थोकिन अगोर लव." जोर लावू नका, जरा थांबा. इंजिन पाच मिनिटं चालू ठेवलं, बंद केलं, बोल्टभोवती पातळ तेल सोडलं आणि चहा मागवला. छत्तीसगढीतलं 'अगोरना' म्हणजे वाट पाहणं. पूर्वेकडच्या काही बोलींत त्याच शब्दाचा अर्थ राखण करणं असा होतो, शेतावर बसून पिकाची राखण. मराठीत आपण वाट पाहतो तेव्हा नजर रस्त्याकडे असते. हे मिस्त्री चहा पीत होते ते मात्र राखणीला बसल्यासारखे, नजर त्या बोल्टवरच.

चहा संपल्यावर त्यांनी बोल्टच्या डोक्यावर हातोडीचे चार-पाच हलके, सरळ ठोके दिले. मग बाराच्या गोल झालेल्या डोक्यावर अकराची गोटी ठोकून घट्ट बसवली. झटका न देता, एकाच दाबाने दांडा ओढत राहिले. कट् असा आवाज झाला. मला वाटलं, तुटला. पण तो सुटल्याचा आवाज होता. काळं ऑइल घमेल्यात पडायला लागलं.

बोल्ट पोलादाचा, चेंबर अॅल्युमिनियमचा. दोघांच्या झटापटीत आटे जातात ते नरम धातूचे, आणि तो चेंबर महाग. बोल्ट साठ-सत्तर रुपयांचा. सुदैवाने आटे शाबूत होते. "चूडी बच गई," मिस्त्री म्हणाले. मग त्यांनी बोल्टवरचा वायसर नखाने सोडवून माझ्या तळहातावर ठेवला. अॅल्युमिनियमची ती चकती इतकी चेपली होती की तिच्यावर बोल्टच्या कडेची खोल चाकोरी पडली होती. "ये कितनी बार का है?" त्यांनी विचारलं.

आणि तेव्हा मला गॅरेजातला तो दिवस पुरता आठवला. मला एका कार्यक्रमाला पोहोचायचं होतं. मुलाने विचारलं होतं, "दीदी, वायसर नया डाल दूँ?" त्यासाठी त्याला रस्त्यापलीकडच्या दुकानात जावं लागणार होतं. मी म्हटलं होतं, "रहने दो, वही लगा दो."

त्या जागी ऑइल अडतं ते बोल्टच्या जोराने नव्हे. वायसर नरम असतो. आवळताना तो थोडा दबतो आणि दोन कठीण पृष्ठभागांमधली सूक्ष्म फट भरून काढतो. एकदा दबला की त्याची ती क्षमता संपते, म्हणून दर वेळी नवा घालायचा. जुना वायसर ठेवून जोर वाढवणं म्हणजे ज्याच्यात द्यायला काही उरलेलं नाही त्याच्याकडे आणखी मागणं. मुलाला हे ठाऊक होतं. मालकासमोर तो एका वाक्यात माझं तोंड बंद करू शकला असता. त्याने ते केलं नाही, कारण गिऱ्हाइकाचा शब्द आणि पोऱ्याचा शब्द यांचं वजन सारखं नसतं, हेही त्याला ठाऊक असणार.

अडकलेल्या स्क्रूवर विचार करणारी मी पहिली नाही. रॉबर्ट पर्सिगने १९७४ सालच्या 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेन्टेनन्स'मध्ये एका अडकलेल्या स्क्रूवर कितीतरी पानं लिहिली आहेत. तौलनिक साहित्याच्या एम.ए.च्या वर्षांत मी ती भारावून वाचली होती. अडकणं हीच समजुतीची सुरुवात असते, हे त्याचं म्हणणं मला आजही पटतं. पण त्याच्या प्रसंगात एक माणूस आहे आणि एक यंत्र. माझ्या बोल्टपाशी गर्दी आहे. मुलगा, मालक, मी, मिस्त्री. बोल्ट आवळणारा आणि उघडणारा सहसा वेगळे असतात, आणि आवळणाऱ्याची चूक उघडणाऱ्याच्या बोटांना लागते.

आपली भाषाही इथे फारशी मदत करत नाही. मराठीत घट्ट ते चांगलं. आपण कसून मेहनत करतो, कसून चौकशी करतो. नटही कसलेला असावा लागतो. उलट ढिला, ढिसाळ, सैल हे सगळे दोष, आणि वेड्याच्या डोक्याचे आटेही ढिलेच असतात. तुटेपर्यंत ताणू नये, असं आपण म्हणतो खरं, पण तिथेही भीती तुटण्याची आहे. न तुटलेल्या अति-घट्टपणाला नावच नाही. सैल बोल्ट आठवड्यात गळतो आणि सैल ठेवणारा पकडला जातो. अति-घट्ट बोल्ट वर्षभर उत्तम काम केल्यासारखा दिसतो. त्याचा दोष उघडा पडतो तेव्हा करणारा तिथे नसतो.

मग किती घट्ट? ॲरिस्टॉटल म्हणतो, योग्य ते दोन टोकांच्या मध्ये असतं. पण हा मध्य गणिताचा नव्हे. दहा मिना अन्न जास्त आणि दोन मिना कमी, म्हणून सगळ्यांनी सहा मिना खावं असं होत नाही. मिलो पहिलवानाला ते कमी पडेल आणि व्यायामाला नुकती सुरुवात केलेल्याला जास्त होईल. म्हणजे प्रमाण ठरतं ते समोर कोण आहे त्यावरून. बोल्टच्या बाबतीत समोर अॅल्युमिनियम होतं आणि दबून गेलेला वायसर होता. मी प्रमाण ठरवलं ते माझ्या भीतीवरून.

ही भीती फळाची होती. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेलं 'गीतारहस्य' १९१५ साली प्रसिद्ध झालं आणि ते हिंदीत नेलं माधवराव सप्र्यांनी. १९०० साली पेंड्राहून 'छत्तीसगढ मित्र' काढणारे, रामदासांचा 'दासबोध'ही हिंदीत आणणारे सप्रे १९२६ साली या रायपुरातच वारले. इथे राहून मराठी-हिंदीत अनुवाद करणाऱ्या माणसाला त्यांची आठवण टाळता येत नाही. कर्म सोडू नये, फळाची आसक्ती सोडावी, हा त्या ग्रंथाचा गाभा मला नेहमी जरा उंचावरचा वाटायचा. शेवटी न गळणारा बोल्टच तर हवा असतो. आता वाटतं, तो थेट पान्याला लागू आहे. नवा वायसर घालणं, धागा न चुकवता बोल्ट बसवणं, २४ वर थांबणं, हे माझं. उद्या सकाळी फरशी कोरडी असेल की नाही, याची हमी आज रात्रीच हवी, या हट्टापायी माझा पाय पान्यावर गेला.

हा पाय मी कामातही टाकते. एकदा एका हिंदी कथेत कोण कोणाला सोडून गेलं, हे लेखकाने एका वाक्यात मोघम ठेवलं होतं. मराठी वाचक गोंधळेल म्हणून मी एक नाव घालून ते वाक्य पक्कं केलं. पुढे माझ्या मराठीवरून ती कथा तिसऱ्या भाषेत नेणाऱ्या अनुवादिकेने फोन करून विचारलं, "मूळातही हे इतकं स्पष्ट आहे का?" तिला हिंदी येत नव्हती. माझ्या वाक्यातून मागे जायची वाट मीच बुजवली होती. माझ्या वाचकाला मात्र त्यात काही खटकलं नव्हतं. वाक्य छानच वाटत होतं.

मिस्त्रींनी नवा बोल्ट, नवा वायसर घेतला. तोंड फडक्याने पुसलं आणि बोल्ट आधी नुसत्या बोटांनी फिरवला, पूर्ण आत जाईपर्यंत. बोटांनी जात नसेल तर तो तिरका लागलाय, आणि पान्याने ढकलला तर आटे खाणार. मग पाना लावला. पण त्यांनी तो टोकाला धरला नाही, डोक्याजवळ धरला. तसं का, मी विचारलं. "लंबा पकड़ूँगा तो हाथ को पता ही नहीं चलेगा." त्यांच्याकडे जोर मोजायचं यंत्र नव्हतं. आपल्याला जास्त जोर लावताच येणार नाही, अशी पकड त्यांनी आधीच घेतली होती. वायसर दबल्याचं हाताला कळलं, तिथे ते थांबले.

दुसऱ्या आठवड्यात मी त्या जुन्या गॅरेजात गेले. मुलगा अजून तिथेच होता, आता दाढी आलेली, हाताखाली आणखी एक पोऱ्या. मालक नव्हता. मी सगळं सांगितलं : तो डाग, तो दिवस, वायसर, "वही लगा दो". त्याने नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला, "कौन-सी गाड़ी थी, दीदी?" मी स्कूटर दाखवली. त्याने आठवून पाहिलं. आठवलं नाही. तशा बोलण्या त्याने इतक्या खाल्ल्या होत्या की माझी त्यातली कोणती, हे त्याला वेगळं काढता येईना.

मी पुन्हा सांगू लागले; मालकालाही सांगेन म्हटलं. तो अवघडला. हाताखालचा पोऱ्या काम थांबवून आमच्याकडे पाहत होता. मला काय हवं होतं? त्याला आठवावं, त्याने माफ करावं, आणि ते मला आत्ता, इथे दिसावं. हेही फळच होतं, आणि पाना पुन्हा मी टोकाला धरला होता. जे सांगायचं होतं ते सांगून झालं होतं. मी थांबले.

तो स्कूटरखाली वाकला, बोल्टपाशी बोट फिरवलं आणि बोट फडक्याला पुसलं. "सूखा है," म्हणाला. "वायसर नया डाला?"

"हाँ," मी म्हटलं.