उत्तरायुष्यातील संशोधन : एका जागेचा प्रश्न

आयुष्यभर निरनिराळी कामे केल्यावर साठीच्या उंबरठ्यावर एखाद्याने सायबर सुरक्षेत पीएच.डी. करावी काय? लोक याकडे हौस म्हणून पाहतात. आम्हांस हा प्रश्न नीतीचा वाटतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार प्राध्यापकास एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकास सहा व सहायक प्राध्यापकास चारच संशोधक विद्यार्थी घेता येतात. जागा अशा मोजक्या असता ज्येष्ठाने घेतलेली जागा कोणा तरुणाच्या हातून जाते. त्या तरुणापुढे उपजीविका उभी असते. ज्येष्ठाच्या गाठीशी बहुधा निवृत्तिवेतन असते. तेव्हा शिक्षणाला वय नसते, एवढे म्हटल्याने हा हिशेब मिटत नाही.

निव्वळ ज्ञानाची ओढ असेल, तर तिला पदवी लागत नाही. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी वकिली सांभाळून धर्मशास्त्राच्या इतिहासाचे पाच खंड १९३० ते १९६२ या काळात प्रसिद्ध केले. शेवटच्या खंडाच्या वेळी ते ८२ वर्षांचे होते. त्यासाठी त्यांनी कोणाची जागा अडवली नाही.

मग जागा मागण्याचा अधिकार कशाने येतो? आमच्या महूत १८९१ साली जन्मलेल्या डॉ. आंबेडकरांचे उदाहरण पाहावे. वयाने ते तरुणच होते. पण १९१७ मध्ये शिष्यवृत्ती संपल्याने लंडनचा अभ्यास अर्धा सोडून परतले, आणि बडोद्याची नोकरी, सिडनहॅम कॉलेजातील अध्यापन, ‘मूकनायक’ असे नाना अनुभव घेऊन १९२० मध्ये पुन्हा तेथे गेले. रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधास १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळाली, १९२५ मध्ये चलनविषयक शाही आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. मिळवलेली विद्या लोकांच्या कामी लागली.

सायबर सुरक्षेचे तंत्र तरुणांना अधिक चांगले येते, हे मान्यच. परंतु ‘डिजिटल अरेस्ट’च्या फसवणुकीत संगणकाचे कुलूप कोणी फोडत नाही, पोलीस अधिकारी बनून माणसाकडूनच किल्ली मागून घेतली जाते. अशी अटक कायद्यात नाही, हे पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये आकाशवाणीवरून सांगितले. तरीही सुशिक्षित, निवृत्त माणसे जन्माची पुंजी देऊन बसतात. अधिकाराच्या आवाजापुढे माणसाचा विवेक का थिजतो? सरकारी टेबलाच्या दोन्ही बाजूंस ज्याने दिवस काढले, नोटीस वाचताना पांढरे पडलेले चेहरे पाहिले, त्याला हा प्रश्न पुस्तकाबाहेर भेटलेला असतो.

आमचे मत असे की, ज्याच्यापाशी असा प्रश्न आहे आणि मुलाच्या वयाच्या मार्गदर्शकाकडून चुका दुरुस्त करून घेण्याची ज्याची तयारी आहे, त्याने ती जागा निःसंकोच घ्यावी. दारावरच्या पाटीवर ‘डॉ.’ एवढेच हवे असेल, तर ती तरुणासाठी सोडावी. घेतलेली जागा हे ऋण आहे. ते शेजारच्या एखाद्या वृद्धाची पुंजी वाचवूनच फिटेल.