अंगण खरंच वाकडं असेल तर?

'नाचता येईना, अंगण वाकडं' ही म्हण आपण टोमणा म्हणूनच वापरतो. समोरचा कारणं देतोय, एवढंच आपल्याला सांगायचं असतं. अंगण सरळ आहे हे या म्हणीत धरूनच चाललेलं असतं. ते कुणी मोजून पाहिलेलं नसतं.

अमेरिकन फुटबॉलमध्ये हा प्रश्न दरवर्षी कुठल्या ना कुठल्या शहरात पेटतो. संघ हरत असतो, क्वार्टरबॅक बावीस-तेवीस वर्षांचा असतो आणि सगळे एकच विचारत असतात: याला ठेवायचं की काढायचं? वरवर पाहता हा खेळातला वाद आहे. मला त्यात एक नैतिक प्रश्न दिसतो. ज्याला आपण स्वतः वाकड्या अंगणात उभं केलं, त्याच्या नाचाचा निकाल आपण कधी आणि कशाच्या आधारावर द्यायचा?

हा खेळ न पाहणाऱ्यांसाठी थोडक्यात. प्रत्येक चालीत चेंडू आधी क्वार्टरबॅककडे येतो. समोरून शंभर-सव्वाशे किलोची माणसं अंगावर धावून येत असताना, दोन-तीन सेकंदांत त्याला ठरवायचं असतं की चेंडू कुणाकडे फेकायचा. त्याला वाचवायला पुढे पाच जणांची भिंत असते आणि चेंडू झेलायला रिसीव्हर धावत असतात. भिंत ढासळली तर तो चेंडू फेकायच्या आतच जमिनीवर आडवा होतो. त्याला सॅक म्हणतात. म्हणजे सर्वाधिक नजरा त्याच्यावर असतात, आणि त्याचं काम दुसऱ्यांवर सर्वाधिक अवलंबून असतं.

आता कॅरोलिना पँथर्सची गोष्ट. मार्च २०२३ मध्ये या संघाने शिकागो बेअर्सशी सौदा करून ड्राफ्टमधली पहिली निवड विकत घेतली. त्यासाठी पहिल्या फेरीच्या दोन निवडी, दुसऱ्या फेरीच्या दोन निवडी आणि डीजे मूर हा आपला सर्वोत्तम रिसीव्हर दिला. त्या निवडीवर ब्राइस यंग आला. नीट पाहा: ज्याच्याकडे त्याने चेंडू फेकायचा, तोच माणूस त्याला आणण्यासाठी देऊन टाकला होता. अंगण वाकडं करूनच नाचणाऱ्याला बोलावलं होतं.

पहिल्या हंगामात संघाने १७ पैकी २ सामने जिंकले. यंग ६२ वेळा सॅक झाला. प्रशिक्षक फ्रँक राइक यांना ११ सामन्यांनंतरच काढलं. त्याच ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर ह्यूस्टनने घेतलेला सी. जे. स्ट्राउड मात्र पहिल्याच वर्षी संघाला प्लेऑफमध्ये घेऊन गेला. लोकांनी निकाल लावून टाकला: चुकीचा पोरगा निवडला. त्यात पँथर्सने शिकागोला दिलेली २०२४ ची निवड, याच पराभवांमुळे, पुन्हा पहिल्या क्रमांकाची ठरली.

२०२४ मध्ये डेव्ह कनालिस हे नवे प्रशिक्षक आले. पहिले दोन सामने ४७-१० आणि २६-३ असे हरल्यावर त्यांनी यंगला बेंचवर बसवलं. जागी आला अँडी डाल्टन, वय ३६. पुढच्याच सामन्यात संघ ३६-२२ ने जिंकला.

काढा म्हणणाऱ्यांचा हा सगळ्यात भक्कम पुरावा होता. अंगण तेच, नाचणारा बदलला आणि नाच जमला! मी कोड लिहून पोट भरतो. दोन गोष्टींपैकी कुठली बिघडलीय हे शोधायचं तर एक तशीच ठेवून दुसरी बदलून पाहायची, हे आमच्या धंद्यातलं पहिलं शहाणपण. इथे अगदी तेच झालं होतं. फक्त चाचणी एकदाच चालवून निकाल काढला होता. डाल्टन त्यानंतरचे चारही सामने हरला. अंगण अजून वाकडंच होतं.

मग काही काळजी न करता तरुणाला ठेवत राहायचं का? नाही. काढा म्हणणाऱ्यांचं म्हणणंही नीट ऐकायला हवं, कारण त्यात तीन खरे मुद्दे आहेत.

पहिला, दिलेली किंमत. 'एवढं मोजलंय, आता सोडायचं कसं?' हे कारण होऊच शकत नाही. गेलेल्या निवडी यंगला ठेवल्याने परत येणार नव्हत्या आणि काढल्यानेही येणार नव्हत्या. ॲरिझोनाने २०१८ मध्ये जॉश रोझेनला दहाव्या क्रमांकावर घेतलं आणि एका वर्षात त्याला सोडून कायलर मरेला आणलं. निर्णय कोरडा वाटतो, पण हिशोब प्रामाणिक होता.

दुसरा मुद्दा, वाचलेल्यांच्याच कथा सांगितल्या जातात. ट्रॉय एकमन १९८९ मध्ये पदार्पणाच्या हंगामात, तो सुरुवातीपासून खेळला ते सगळे ११ सामने हरला आणि पुढे डॅलसला तीन सुपर बोल जिंकून देणाऱ्या संघाचा क्वार्टरबॅक झाला. हे उदाहरण सगळ्यांना पाठ असतं. रोझेन मात्र संघामागून संघ बदलत राहिला आणि कुठेच टिकला नाही. धीर धरला की फळ मिळतंच असं नाही.

तिसरा मुद्दा मला सगळ्यात जड वाटतो. धीर फुकट नसतो, आणि त्याची किंमत दुसरेच मोजतात. संघात ५३ खेळाडू असतात. या खेळात शरीर फार वर्षं साथ देत नाही. बत्तीस वर्षांच्या बचावपटूकडे कदाचित एकच हंगाम उरलेला असतो. तुम्ही एकाला शिकायला वेळ देता, तो वेळ दुसऱ्याच्या आयुष्यातून कापलेला असतो. 'पोराला संधी द्या' म्हणताना या माणसाकडे बघून म्हणता आलं पाहिजे.

तरीही संघ त्या तरुणाचं काही देणं लागतो का? सोपं उत्तर आहे: नाही, पैसे दिलेत की. यंगचा चार वर्षांचा करार सुमारे ३ कोटी ८० लाख डॉलरचा आहे. एवढ्या रकमेनंतर सहानुभूती कसली?

पण त्याने कॅरोलिना निवडलं नव्हतं. तुम्हाला-मला नोकरी बदलता येते. मॅनेजर वाईट निघाला तर निदान राजीनामा खिशात असतो. ड्राफ्टमध्ये खेळाडूने संघ निवडायचा नसतो, संघ खेळाडूला निवडतो, आणि नको म्हणायला जवळजवळ जागा नसते. वर नियम असा की सगळ्यात वाईट संघाची निवड सगळ्यात आधी. सगळे संघ बरोबरीला यावेत म्हणून केलेली ही व्यवस्था, पण तिचा एक परिणाम असा की चांगले तरुण क्वार्टरबॅक बहुतेक वेळा वाकड्यातल्या वाकड्या अंगणात जाऊन पडतात. पैसे कष्टांचे आणि दुखापतींचे असतात. हिरावून घेतलेल्या निवडीचं देणं त्याने फिटत नाही. ज्याने दुसऱ्याची निवड स्वतःकडे घेतली, त्याने जबाबदारीही घेतली, असं मला वाटतं.

ही जबाबदारी त्याला कायम ठेवण्याची नाही. ती आहे न्याय्य परीक्षेची: आधी अंगण जमेल तेवढं सरळ करा, मग नाच बघा. बफेलोच्या जॉश ॲलनचे पहिल्या वर्षी ५२.८ टक्के पास पूर्ण झाले, दुसऱ्या वर्षी ५८.८. २०२० मध्ये संघाने स्टेफॉन डिग्ज हा उत्तम रिसीव्हर आणला आणि आकडा ६९.२ वर गेला. यात ॲलनचं श्रेय किती आणि डिग्जचं किती, हे वेगळं काढता येत नाही. पण डिग्ज यायच्या आधीही रेघ वर चढत होती. न्याय्य परीक्षा म्हणजे हेच: आज कुठे उभा आहे यापेक्षा तो शिकतोय का हे पाहणं, आणि शिकायला लागणाऱ्या गोष्टी पुरवणं.

आणि मग नशीब येतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये डाल्टनच्या गाडीला अपघात झाला आणि त्याच्या अंगठ्याला मार लागला. म्हणून यंग परत मैदानात आला. हळूहळू सुधारत गेला आणि हंगामाच्या शेवटच्या सामन्यात अटलांटाला ४४-३८ असं हरवलं. पुढच्या हंगामात, ८ विजय आणि ९ पराभव असूनही, संघ आपल्या विभागात पहिला येऊन प्लेऑफमध्ये गेला.

तो अपघात झाला नसता तर? कदाचित 'फसलेली पहिली निवड' एवढीच यंगची ओळख उरली असती. माणूस तोच, हात तोच. १९७६ मध्ये बर्नर्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल या तत्त्वज्ञांनी 'नैतिक नशिबा'चा प्रश्न मांडला. सारख्याच बेफिकिरीने गाडी हाकणारे दोघे, एकाच्या वाटेत मूल येतं, दुसऱ्याच्या येत नाही. आपण दोघांना सारखं दोषी धरतो का? आपल्या ताब्यात नसलेल्या गोष्टींवर आपली किंमत ठरते, हे त्यांनी दाखवलेलं अवघड सत्य खेळात दर रविवारी दिसतं.

इथे एक मोह टाळायला हवा. 'बघा, शेवटी जिंकला, म्हणजे ठेवलं ते बरोबरच' असं म्हणणं म्हणजे निकाल पाहून निर्णयाला गुण देणं. यंगला दोन हंगामांत निकालात काढणाऱ्यांनीही हेच केलं होतं. ठेवणं बरोबर असेल तर ते ऑक्टोबर २०२४ मध्येही बरोबर असायला हवं, जेव्हा पुढचं कुणालाच दिसत नव्हतं. माझ्या मते ते तेव्हाही बरोबर होतं, कारण परीक्षा अजून झालेलीच नव्हती. डाल्टनच्या पाच सामन्यांनी तेवढंच सिद्ध केलं होतं.

आणि काढायची वेळ आलीच तर? तर काढावं, लवकर आणि स्पष्ट सांगून. फक्त काढण्याच्या निर्णयाला माणसाच्या लायकीचा दाखला बनवू नये. न्यूयॉर्क जेट्सने २०१८ मध्ये तिसऱ्या क्रमांकावर घेतलेल्या सॅम डार्नल्डला तीन वर्षांनी सोडलं. पुढे २०२४ मध्ये मिनेसोटाकडून त्याने १४ सामने जिंकले. जेट्सने त्याला सोडणं चूक होतं असं यातून सिद्ध होत नाही. 'हा कुठेच चालणार नाही' असं ज्यांनी म्हटलं, त्यांचं मात्र चुकलं.

'आमच्याकडे जमलं नाही' आणि 'तुला जमत नाही' या दोन वाक्यांत फार अंतर आहे. पहिल्यात अंगणही मोजलेलं असतं. पुढच्या अप्रेझलला, टेबलाच्या कुठल्याही बाजूला बसलेले असाल, यातलं कुठलं वाक्य बोललं जातंय ते ऐका.